बिग सरच्या किनाऱ्यावर आई-बाबांसह मुक्काम : खरोखर पर्यावरण सांभाळणारे निवासस्थान कोणते निवडावे?

कृष्णाकाठ

नमस्कार. ऑक्टोबरच्या मध्यावर माझे आई-बाबा सांगलीहून आमच्याकडे फ्रीमॉन्टला येत आहेत. गोल्डन गेट, योसेमिटी ही ठरलेली ठिकाणे होतीलच. पण त्याशिवाय दोन-तीन रात्री त्यांना कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील बिग सरच्या कडेकपारींत, शक्य तितक्या निवांत जागी ठेवावे, असे आम्हा दोघांच्या मनात आहे. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत. कोणत्याही हॉटेलात गेले तरी पाणी कोठून येते आणि सांडपाणी कोठे जाते, हे विचारल्याखेरीज त्यांना चैन पडत नाही. आईला पक्ष्यांचे वेड आहे, मात्र गुडघे दुखत असल्यामुळे तिला फार पायऱ्या चढवत नाहीत. मुलगी अकरा वर्षांची आहे. आई-बाबा शाकाहारी आहेत, आणि त्यांना सलग तिसऱ्या दिवशी सँडविच दिले तर ते काही बोलणार नाहीत, पण जेवणारही नाहीत.

संकेतस्थळे चाळली, तर प्रत्येक जण स्वतःला पर्यावरणपूरक म्हणवतो. त्यातले खरे कोण आणि नुसती पाटी कोणाची, हे कसे ओळखावे? काही ठिकाणी मुलांना प्रवेश नाही, असेही वाचले. शिवाय तेथून जाणारा महामार्ग क्रमांक १ वारंवार बंद असतो म्हणतात, तेव्हा आगाऊ आरक्षण करणे शहाणपणाचे आहे का? जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

देवराई

एक गोष्ट आधी सांगतो, कारण तिच्यावाचून पुढचे नीट उलगडणार नाही. कार्मेलपासून सॅन सिमिऑनपर्यंतच्या सुमारे ९० मैलांच्या या पट्ट्यात जो एकांत आहे, तो हॉटेलवाल्यांच्या रसिकतेपेक्षा कायद्याने राखलेला आहे. मॉन्टेरे काउंटीच्या १९८६ च्या जमीनवापर आराखड्यानुसार महामार्ग क्रमांक १ वरून दिसेल अशा जागी नवे बांधकाम करण्यास जवळजवळ पूर्ण मनाई आहे. त्यामुळे मैलोन्‌मैल गाडी चालवूनही आपल्याला एका बाजूला सान्ता लुसियाचे डोंगर आणि दुसऱ्या बाजूला पॅसिफिक एवढेच दिसते, आणि जी थोडी निवासस्थाने आहेत ती एक तर या नियमापूर्वीची आहेत किंवा नियम पाळण्यासाठी मुद्दाम दडवून बांधलेली आहेत.

दडवून बांधलेल्यांत सर्वांत नावाजलेले म्हणजे पोस्ट रँच इन. हजार फुटांहून उंच कड्यावर ते १९९२ मध्ये सुरू झाले. मिकी म्युनिग या वास्तुविशारदाने तेथील काही खोल्यांच्या छपरांवर माती घालून गवत वाढू दिले आणि काही खोल्या खांबांवर उचलून धरल्या. या खांबांमागचे कारण बाबांना नक्की आवडेल. रेडवूडचे झाड तीनशे फुटांच्याही पुढे वाढू शकत असले, तरी त्याची मुळे साधारणपणे दहा-बारा फुटांपेक्षा खोल जात नाहीत. ती आडवी, शंभर-शंभर फुटांपर्यंत पसरतात आणि शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात. अशा जमिनीवर काँक्रीटचा पाया घातला की माती दाबली जाते आणि झाड हळूहळू खंगते. खोली खांबांवर उचलली की मुळांवरचे ओझे पुष्कळ कमी होते. हे काम मनापासून झालेले आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु तेथे केवळ प्रौढांनाच प्रवेश आहे आणि एका रात्रीचे भाडे हजार डॉलरच्या बरेच पुढे जाते, त्यामुळे आपला प्रश्न तेथेच संपतो. रस्त्याच्या डोंगराकडील बाजूस असलेले, १९७५ पासूनचे व्हेंटाना हेही आता प्रौढांसाठीच आहे.

दुसऱ्या टोकाला ट्रीबोन्स आहे. दक्षिणेकडे, गोर्डाजवळ. तेथे युर्ट, म्हणजे लाकडी चौकटीवर जाड कापड ताणलेली गोल घरे आहेत. हे ठिकाण सार्वजनिक वीजवाहिनीला जोडलेले नाही. आपली वीज ते स्वतःच निर्माण करते. वीज मोजूनमापून वापरायची म्हणजे काय, हे तेथे आपोआप समजते. मात्र युर्टमध्ये स्नानगृह नसते आणि रात्री-अपरात्री विजेरी घेऊन उतारावरून सामायिक प्रसाधनगृहापर्यंत जावे लागते. आपण दोघेच असता तर मी डोळे झाकून तेच सुचवले असते, पण काकूंच्या गुडघ्यांचा विचार करता ते नको.

राहता राहिली दोन. कॅस्ट्रो कॅन्यनमधील डीट्जेन्स हे हेल्मुथ डीट्जेन या नॉर्वेहून आलेल्या गृहस्थाने १९३० च्या दशकात स्वतःच्या हातांनी उभारलेले जुने पथिकाश्रम आहे. त्याची नोंद ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि ते एक ना-नफा संस्था चालवते. भिंती एकेरी फळ्यांच्या आहेत. शेजारच्या खोलीतील माणूस कुशीवर वळला तरी कळते. त्यामुळे लहान मुलांबाबत तेथे काही नियम आहेत, ते आरक्षणापूर्वी विचारून घ्यावेत. आणि फायफर बिग सर या राज्य उद्यानाच्या आतच बिग सर लॉज आहे. साध्या कुटीरांची रांग, खोलीत दूरचित्रवाणी नाही, मुलांना मोकळीक आणि दारातून बाहेर पडले की रेडवूडची झाडे व नदी. आपल्या कुटुंबासाठी माझे मत या शेवटच्या जागेला. मात्र येथे आणि डीट्जेन्समध्येही खिडकीतून समुद्र दिसत नाही, ही गोष्ट घरातील सर्वांना आधीच सांगून ठेवावी, म्हणजे पोहोचल्यावर चेहरे पडणार नाहीत.

परखड

देवराई यांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे. पण ‘मनापासून झालेले काम’ या शब्दांवर थोडे थांबावेसे वाटते. २०१७ च्या फेब्रुवारीत फायफर कॅन्यनवरील पूल दरडीमुळे खचला आणि पाडावा लागला, तेव्हा पुलापलीकडच्या वस्तीला मुले शाळेत पाठवण्यासाठी आणि वाणसामान आणण्यासाठी जंगलातून पायवाट काढावी लागली. त्याच काळात पोस्ट रँचने पाहुण्यांना हेलिकॉप्टरने आणण्याची सोय केली होती. व्यवसाय म्हणून त्यात वावगे काही नाही. कामगारांचे पगार तर चालू राहायलाच हवेत. पण गवताच्या छपराखाली झोपायला हेलिकॉप्टरने जाणाऱ्या माणसाचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडायचा, हे मला अजून उमगलेले नाही.

पाटी आणि वस्तुस्थिती यांतला फरक ओळखण्यासाठी मी काकांचाच प्रश्न विचारीन. बिग सरला शहरासारखी सार्वजनिक मलनिःसारण व्यवस्था नाही. बहुतेकांची स्वतःची सेप्टिक टाकी आणि सांडपाणी जमिनीत मुरवणारे शोषक चर असतात. पाणी झऱ्यांतून, ओढ्यांतून किंवा विहिरींतून येते. या ओढ्यांत स्टीलहेड नावाचा मासा समुद्रातून अंडी घालायला चढतो, म्हणून ऐन कोरड्या ऋतूत उपसलेले पाणी थेट त्याच्या वाट्यातून जाते, आणि आपला ऑक्टोबर हा कोरड्या ऋतूचा अगदी शेवट आहे. तेव्हा आरक्षणासाठी दूरध्वनी कराल, तेव्हा पाणी कोणत्या स्रोतातून घेता, सांडपाण्याची व्यवस्था काय आणि कामगार कोठे राहतात, एवढे विचारा. जो खरोखर काळजी घेतो, त्याला ही उत्तरे तोंडपाठ असतात आणि ती सांगताना तो खुलतो. जो घेत नाही, तो तुम्हाला टॉवेल रोज न धुण्याच्या कार्डाबद्दल सांगतो.

कामगारांचा प्रश्न अवांतर वाटेल, पण तो तसा नाही. या भागात भाड्याची घरे दुर्मीळ आहेत, त्यामुळे खोल्या झाडणारे आणि स्वयंपाक करणारे कित्येक जण रोज मॉन्टेरे-सीसाइडकडून गाडी चालवत येतात. त्याच कारणाने तेथील रहिवाशांचा अल्पमुदतीच्या पर्यटक-भाड्याला मोठा विरोध आहे. समुद्राकडे तोंड असलेले एखादे सुंदर खासगी घर कोणी परस्पर देऊ केले, तर मी ते घेणार नाही.

कॅलिफोर्नियाच्याच किनाऱ्यावर, बिग सरपासून पुष्कळ उत्तरेस, एका ठिकाणी आम्ही उतरलो होतो. नाव घेत नाही. खोलीत बांबूचे दातघासणे, पुनर्वापराच्या कागदावर छापलेली प्रतिज्ञा, सगळे साग्रसंगीत होते. रात्री उठून पाहिले, तर गच्चीवर चिटपाखरू नव्हते आणि गॅसच्या चार शेकोट्या भकाभका जळत होत्या. सकाळी विचारले, तेव्हा ‘पाहुण्यांना ज्वाळा पाहायला आवडतात’ असे उत्तर मिळाले.

घाटरस्ता

आपल्या महामार्गविषयक प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण माझे काम भूतंत्र-अभियांत्रिकीचे आहे आणि हा रस्ता आमच्या व्यवसायात गाजलेला आहे.

बिग सरमध्ये कोन पीक नावाचे शिखर आहे. त्याची उंची १,५७१ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा फक्त ७५ मीटरने कमी. आणि ते समुद्रापासून अवघ्या पाच किलोमीटरवर आहे. कळसूबाई उचलून थेट किनाऱ्यावर आणून ठेवावे, अशी ही रचना आहे. त्यात खडकही सह्याद्रीच्या बेसाल्टसारखा थरांचा आणि भरवशाचा नाही. भूपट्टांच्या घर्षणात चिरडलेला, मळलेला, जागोजागी मऊ झालेला असा तो मिश्र खडक आहे. तळाशी लाटा पाया खातात आणि हिवाळ्यातले पाणी वरून आत मुरते. अशा उतारावर मुख्यतः कैद्यांच्या श्रमाने रस्ता कोरून तो १९३७ मध्ये खुला करण्यात आला, आणि तेव्हापासून डोंगर तो हप्त्याहप्त्याने परत मागतो आहे.

अलीकडचीच उदाहरणे घ्या. मे २०१७ मध्ये मड क्रीक येथे अख्खा डोंगरउतार समुद्रात उतरला आणि रस्ता जुलै २०१८ मध्ये सुरू झाला. जानेवारी २०२१ मध्ये रॅट क्रीक येथे रस्त्याचा तुकडाच वाहून गेला. आदल्या वर्षीच्या डोलन वणव्याने वरची झाडी जाळली होती, त्यामुळे पावसाबरोबर चिखल आणि ओंडके खाली आले व रस्त्याखालची मोरी तुंबली. जानेवारी २०२३ मध्ये पॉल्स स्लाइडने अडवलेला भाग जून २०२४ मध्ये मोकळा झाला, तोवर मार्च २०२४ मध्ये रीजंट्स स्लाइडची दरड येऊन बसली होती आणि तिने पुढे दीर्घकाळ वाट अडवली. यातून प्रवाशाने घ्यायची गोष्ट अशी, की बिग सर बंद आहे, असे सहसा होत नाही. ते उत्तरेकडून उघडे आणि दक्षिणेकडून तुटलेले, किंवा उलट, असे असते. डोंगर ओलांडून येणारा डांबरी रस्ता एकच, नॅसिमिएन्टो-फर्ग्युसन, आणि वणवे-दरडींमुळे तोही गृहीत धरता येत नाही. आपण उत्तरेकडून येणार असल्याने बिग सर लॉज आणि डीट्जेन्स ही दोन्ही सोयीची आहेत. दक्षिणेकडील ठिकाण घेतले आणि मध्ये दरड पडली, तर सॅलिनासवरून महामार्ग १०१ ने कॅम्ब्रियापर्यंत वळसा घालून वर यावे लागते आणि दिवसाचा मोठा भाग गाडीत जातो.

ऑक्टोबरच्या मध्यावर सहसा मोठा पाऊस सुरू झालेला नसतो, म्हणून दरडीचा धोका कमी असतो. वणव्याचा मात्र तोच हंगाम. २०१६ चा सोबेरॅनेस वणवा कोणीतरी बेकायदा पेटवलेली शेकोटी अर्धवट सोडून गेल्याने लागला आणि त्यात १,३२,००० एकर जंगल जळाले. तेव्हा आरक्षण अवश्य करा. मात्र रस्ता किंवा धुरामुळे रद्द करावे लागल्यास पैसे परत मिळतील का, हे लेखी घ्या. निघण्याच्या दिवशी कॅलट्रान्स या राज्याच्या रस्ते विभागाचा क्विकमॅप हा रस्त्यांची स्थिती दाखवणारा नकाशा पाहा आणि नकाशे फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण कार्मेल मागे पडले की बहुतेक ठिकाणी मोबाइलला संपर्क मिळत नाही. पेट्रोलही कार्मेललाच भरून घ्यावे. मधल्या पंपांवरचे दर पाहून बाबा रुपयांत गुणाकार करू लागतील.

वनज्योत्स्ना

काकू पक्ष्यांच्या वेड्या आहेत, हे वाचले आणि राहवले नाही.

ऑक्टोबर निवडलात, हे उत्तम झाले. जून ते ऑगस्ट या महिन्यांत येथे दिवसचे दिवस दाट धुके असते आणि कड्यावर उभे राहूनही समुद्राचा केवळ आवाज येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हवा स्वच्छ असते. दक्षिणेकडे निघालेले करडे देवमासे डिसेंबरपासून दिसू लागतात, त्यामुळे ते हुकतील. पण समुद्री ऊदमांजरे बाराही महिने असतात. केल्प या उंच समुद्रशेवाळाच्या पट्ट्यात ती पाठीवर तरंगत, पोटावर दगड ठेवून शिंपले फोडताना दिसतात. फरच्या व्यापारासाठी झालेल्या शिकारीमुळे ही जात या किनाऱ्यावरून संपली, असे मानले जात होते. १९३८ मध्ये बिक्सबी खाडीजवळ तिचा एक छोटा कळप जगासमोर आला आणि आजची या किनाऱ्यावरची ऊदमांजरे त्याच वाचलेल्या कळपाची वंशज आहेत. दुर्बीण न्याच. गाडी लावायच्या कोणत्याही मोकळ्या जागेवरून, एकही पायरी न चढता, हे पाहता येते.

आता कॅलिफोर्निया काँडोर, म्हणजे येथले प्रचंड मोठे गिधाड. १९८२ मध्ये जगात केवळ २२ उरले होते. १९८७ मध्ये शेवटचा मुक्त पक्षीही पकडून प्रजनन केंद्रात नेण्यात आला आणि १९९७ पासून व्हेंटाना वाइल्डलाइफ सोसायटीने ते बिग सरच्या आकाशात परत सोडण्यास सुरुवात केली. पंखांचा विस्तार साडेनऊ फूट. ज्युलिया फायफर बर्न्स उद्यानाच्या आसपास, ऊन तापून वारे वर चढू लागले की ते कड्यांवरून तरंगताना दिसतात. टर्की व्हल्चर हे लहान गिधाड तेथे पुष्कळ असते आणि नवखा माणूस हमखास फसतो. काकूंना एवढेच सांगा, की पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचलून डुलत जाते ते टर्की व्हल्चर. आणि फळीसारखे सरळ पंख, त्यांच्या खाली पुढच्या बाजूस पांढरा पट्टा आणि अंगावर क्रमांकाचा बिल्ला असेल तर तो काँडोर. आपल्याकडे गिधाडांना गुरांच्या औषधातील डायक्लोफिनॅकने मारले. येथे शिकाऱ्यांच्या गोळ्यांतील शिसे मेलेल्या जनावरांतून काँडोरच्या पोटात गेले. २०१९ पासून कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या वापरण्यास पूर्ण बंदी आहे.

लॉजच्या आवारातही भरपूर काही आहे. एकॉर्न वुडपेकर हा लाल टोपीचा सुतारपक्षी वाळक्या खोडाला शेकडो भोके पाडतो आणि प्रत्येक भोकात ओकचे एकेक फळ ठोकून बसवतो. फळ वाळून सैल झाले की तो ते काढून लहान भोकात पुन्हा बसवतो. ऑक्टोबरमध्ये हे साठवणीचे काम जोरात चालते. खुर्ची टाकून बसले की झाले.

जेवणाबद्दल. नेपेंथी हे १९४९ पासूनचे उपाहारगृह प्रसिद्ध आहे आणि तेथील सज्जातून दिसणारा समुद्र खरोखर अप्रतिम आहे. शाकाहारी पदार्थ मिळतात, पण पायऱ्या चढाव्या लागतात. मी आपल्या जागी असते, तर लॉजमध्ये स्वयंपाकाची सोय असलेला कुटीर मिळतो का, ते आधी पाहिले असते आणि तांदूळ, मूगडाळ, मेतकूट व दशम्या बरोबर नेल्या असत्या. खरकटे उघड्यावर ठेवू नये. रकून रात्री येतात, आणि त्यांना डब्याचे झाकण आपल्यापेक्षा लवकर उघडता येते.

जाता जाता, आपल्या दोघांसाठी पुढे कधीतरी: लुसिया या वस्तीजवळ कमाल्डोलीस या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा १९५८ पासूनचा न्यू कमाल्डोली हा मठ आहे, तेथे कोणत्याही धर्माच्या पाहुण्यांना मौन पाळून राहता येते. तमिळनाडूतील शांतिवनम आश्रमही याच पंथाशी जोडलेला आहे. समुद्राचा एवढा विस्तार आणि एवढ्या कमी वस्तू असलेली खोली, हा योग मला या किनाऱ्यावर दुसरीकडे कोठेही आढळला नाही. अकरा वर्षांच्या मुलीला मात्र तेथे नेऊ नये.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बिग सर लॉजला दूरध्वनी केला. आईचे गुडघे सांगून, कमीत कमी पायऱ्या असलेला कुटीर मागितला आहे. बाबांना परखड यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी शोषक चराची लांबी किती असते, असे लगेच विचारले. ते उत्तर मिळवण्याची जबाबदारी मी त्यांच्यावरच सोपवली आहे. एकच शंका राहिली. मॅकवे धबधब्याचे चित्र पाहून आईने तेथे जायचेच, असे ठरवले आहे. तिला ते जमेल का?

घाटरस्ता

जमेल. वाहनतळापासून महामार्गाखालच्या बोगद्यातून जाणारी ही पायवाट छोटी आणि बरीचशी सपाट आहे. खाली वाळूत उतरण्यास मनाई आहे, त्यामुळे उतरण्या-चढण्याचा प्रश्नच येत नाही. पायवाटेचा काही भाग अधूनमधून बंद असतो, म्हणून आदल्या दिवशी ज्युलिया फायफर बर्न्स उद्यानाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. बाबांना एवढे आवर्जून दाखवा, की ऐंशी फुटांवरून पडणारा हा धबधबा १९८३ पूर्वी थेट समुद्रात पडत असे. त्या वर्षी उत्तरेकडील डोंगर घसरला, त्याचा राडारोडा लाटांनी खाडीत आणून टाकला आणि पुळण तयार झाली. वाहनतळ लहान आहे. सकाळी नऊच्या आत पोहोचलात, तर गाडी महामार्गाच्या कडेला लावून काकूंना चालवत आणावे लागणार नाही.